तिच्याशी कोण बोलतं

रेकॉर्डिंग एक तास सात मिनिटांचं होतं आणि त्यातल्या पहिल्या चाळीस मिनिटांत माणसाचा आवाज जेमतेम तीनदा आला. दयानंद ते ऐकायला बसला होता ऑफिसच्या तळघरात, गाडीच्या काचा वर करून, जेवणाच्या सुट्टीत. वर कॅन्टीनमध्ये कानाला हेडफोन लावून बसलं की कुणीतरी खांद्यावर थाप मारून काय ऐकतोयस म्हणून विचारणार. डबा मांडीवर उघडाच होता. फोनमधून पंख्याचा आवाज येत होता, फ्रिज मध्येच थरथरून गप्प होत होता, कुठल्यातरी कार्टूनमधली इंग्लिश बोलणारी डुकरं बारीक आवाजात हसत होती, आणि या सगळ्याच्या मागं आउटर रिंग रोड संथ लागलेल्या पावसासारखा वाजत होता. हे आपलं घर आहे, असं तो स्वतःला सांगत होता. मारतहळ्ळीतलं सातव्या मजल्यावरचं, संध्याकाळी पाच चाळीसचं, आपण नसतानाचं आपलं घर. ताटलीवर चमचा वाजला. मुलीला सांभाळणारी भाग्यलक्ष्मी म्हणाली, ‘तिन्नु.’ खा. पुन्हा चमचा. मग तेविसाव्या मिनिटाला मेघाश्रीचा आवाज आला, आणि दयानंदचा हातातला घास हातातच राहिला. ते शब्द नव्हते, पण ती नुसती कुरकूरही नव्हती. एक लांबलचक, वरखाली होणारी लड होती, जणू ती काहीतरी सांगत होती, मध्येच थांबून आठवत होती, आणि शेवटी आवाज वर चढवून विचारत होती. चार वर्षांना दोन महिने कमी असलेली आपली मुलगी असं बोलू पाहते, हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यावर भाग्यलक्ष्मी अगदी हळू, दार लावून घ्यावं तसं म्हणाली, ‘श्श. अक्का बैतारे.’

अक्का रागावतील. त्यानं ते मागं घेऊन परत ऐकलं. मग आणखी एकदा. ‘श्श’मध्ये कुठंही राग नव्हता, उलट मायाच होती. पोरीला ओरडा बसू नये म्हणून घातलेली पाखर होती ती. अक्का म्हणजे वीणा, त्याची बायको. पण वीणानं भाग्यलक्ष्मीला तसं कधी सांगितलं नव्हतं, तिला कन्नड येत नव्हतं. सांगितलं होतं दयानंदनं. दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ आता गाडीच्या काचेवर उमटल्यासारखी त्याला दिसायला लागली. वीणा हाताची घडी घालून सोफ्याशी उभी होती. ‘तिला नीट सांग ना, तुला येतं ना कन्नड. आपण मराठी बोलणार, शाळा इंग्लिश, खाली सगळी मुलं हिंदी. त्यात हिनं कन्नड घातलं तर पोरगी गोंधळेल.’ दयानंद निपाणीकडचा. कन्नड त्याला मराठीइतकंच यायचं, किंबहुना भांडायला आणि हिशेब मनात करायला कन्नडच जवळचं. त्यानं भाग्यलक्ष्मीला सांगितलं, बाळाशी कन्नड बोलू नका, ती गोंधळते. ती दारात पिशवी धरून उभी होती. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, ‘मत्ते एन माताड्ली, अण्णा?’ मग काय बोलू? हा प्रश्न इतका सरळ होता की त्याला हसू आलं होतं. हिंदी बोला थोडं, तो म्हणाला. तिला हिंदीत ‘कितना’ आणि ‘बस’ एवढंच यायचं. ‘सरी अण्णा,’ ती म्हणाली. प्रामाणिक बाई. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, दोन वर्षं, तिनं सांगितलेलं अक्षरशः पाळलं.

रेकॉर्डिंग करायला सांगितलं होतं थेरपिस्टनं. कानांची तपासणी झाली होती, कान उत्तम होते. डोकंही उत्तम होतं; ठोकळे, रंग, चित्रं जुळवणं, सगळ्यात मेघाश्री वयाच्या पुढंच होती. फक्त बोलत नव्हती. थेरपिस्टनं दोघांना तिला येणाऱ्या शब्दांची यादी करायला लावली तेव्हा यादी एकोणीसवर थांबली, आणि त्यातला एक शब्द ‘चार्जर’ होता. ती मुलगी, म्हणजे थेरपिस्ट, जेमतेम सव्वीस-सत्तावीसची असेल. केसांत पेन खोचलेलं. तिनं यादीकडं पाहिलं आणि साधंच विचारलं, ‘घरात तिच्याशी कोण बोलतं?’ वीणा आणि दयानंद दोघंही एकदम बोलायला लागले आणि दोघंही एकदमच थांबले. मग ती म्हणाली, एखाद्या रोजच्या संध्याकाळी फोन ठेवून द्या तासभर. दोष काढायला नाही हं, बघायला. तसा त्यानं आपला जुना फोन टीव्हीखालच्या फडक्याआड ठेवला होता. भाग्यलक्ष्मीला सांगायचं नाही असं वीणाचं म्हणणं पडलं, आणि त्याला ते बरोबर वाटलं नाही, पण बरोबर का वाटत नाही हे नेमक्या शब्दांत मांडेपर्यंत ती आंघोळीला गेली होती.

चाळिसाव्या मिनिटाला कुलूप वाजलं. तो स्वतःच घरी आला होता. आपला आवाज ऐकायच्या आधीच त्याला लाज वाटायला लागली. ‘चप्पल,’ रेकॉर्डिंगमधला माणूस म्हणाला. बऱ्याच वेळानं, ‘हात धू.’ मग, ‘नको.’ मग, ‘ठेव ते.’ सत्तावीस मिनिटांत एवढंच, आणि एकदा खोकला. वरच्या मजल्यावरचे गुंडूराव लिफ्टमध्ये आपल्या कुत्र्याशी याहून जास्त बोलतात, हे त्याला आठवलं. काल रात्री झोप लागली का रे राजा, आज ऊन फार आहे, खाली ती काळी मांजर असेल हं, जपून. कुत्रं मान वर करून ऐकत असतं. रेकॉर्डिंगमध्ये मग वीणा आली, कानातल्या फोनवर बोलतच आली, बोलणं संपवून तिनं उत्साह एकवटला आणि विचारलं, ‘मेघू, बेटा, व्हॉट कलर इज धिस? हा कुठला कलर? सांग आईला.’ शांतता. ‘कुठला कलर, सोनू?’ डुकरं हसली. ‘दया, ही ऐकते तरी का रे माझं?’ यावरही शांतता. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारी मेघाश्रीची नव्हती. दयानंद गाडीत बसून त्या दुसऱ्या दयानंदच्या उत्तराची वाट पाहत राहिला, आणि रेकॉर्डिंग संपलं.

तो असा नव्हता. हे वाक्य त्याच्या मनात आलं आणि ते कुणाला पटवून द्यायचं आहे हे त्याला कळेना. गावात त्याला रेडिओ म्हणायचे. आई, कृष्णाबाई, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीला जायची. दिवसभर शंभर बायकांच्या मेळ्यात बसून ती घरी यायची ती शिंकत आणि बोलतच. पदर झाडला की तंबाखूची धूळ उडायची आणि तिच्याबरोबर कुणाची सून, कुणाची रेडी, कुणाचा पळालेला नवरा. तिची गोष्ट कधी सुरू व्हायची नाही आणि संपायचीही नाही. तव्यावर भाकरी टाकताना माणूस मरायचा आणि भाकरी पलटताना त्याचा बारावा व्हायचा. दयानंद चुलीपुढं बसून मध्ये मध्ये ‘मग?’ म्हणायचा. तेवढंच त्याचं काम. पण त्या ‘मग?’मधूनच त्याच्या तोंडात सगळी भाषा आली असावी, कारण शाळेत तो उभा राहिला की मास्तरांना बस म्हणावं लागायचं. मग पुणं. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातली पहिली संध्याकाळ. दारावर कुणीतरी टकटक केली, काय चाललंय रे, आणि तो आतून मोकळेपणानं ओरडला, ‘जेवालोय!’ बाहेर हशा झाला. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांनी दार उघडलं, परत म्हण म्हणाले, त्यानं परत म्हटलं. तोही हसला. चार वर्षं त्याचं नाव जेवालोय होतं. त्या चार वर्षांत त्याला एक सवय जडली: तोंडातून निघण्याआधी प्रत्येक वाक्य मनात उलटंपालटं करून तपासायचं. ‘कवा’चं ‘केव्हा’ झालं का, ‘न्हाई’चं ‘नाही’ झालं का, शेवटी ‘की’ तर चिकटला नाही ना. वाक्य तपासून बाहेर येईपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असायचं. मग ते वाक्य तो गिळायचा. हळूहळू तपासायलाही काही उरलं नाही. लोक म्हणायला लागले, शांत स्वभावाचा आहे. नोकरीही लागली ती दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायची, आणि त्यात तो नावाजला गेला.

वीणालाही तो शांत म्हणूनच आवडला होता. ती कधी त्याच्या बोलण्याला हसली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाई हसल्या होत्या, कौतुकानं. तो ‘पाणी सांडलंय बघा की’ म्हणाला तेव्हा ‘किती गोड बोलता हो तुमच्याकडचे!’ म्हणाल्या आणि बहिणीला बोलावून आणलं. वीणाला ते आवडलं नव्हतं. ती स्वतः फक्त बरोबर शब्द हळूच उच्चारायची, समोरच्याच्या शर्टावर पडलेले पोह्याचे कण झटकावेत तसा. त्यात प्रेमच असायचं. चारचौघांत आपल्या माणसाला कुणी हसू नये एवढंच. पण घरात दोघंच असतानाही कण झटकले जायचे, आणि एखाद्या माणसाला सारखं झटकून घ्यावं लागत असेल तर तो हळूहळू खाणंच कमी करतो. मेघाश्री तीन महिन्यांची असताना एकदा तिला पायावर घेऊन तो काहीतरी बडबडत होता, माझी बाय ती, माझं लेकरू ते, आलीया का झोप, यंना व्हय झोप. कृष्णाबाई त्याच वर्षी गेली होती, आणि तिचा सूर त्याच्या गळ्यात नकळत उतरला होता. दारात वीणा उभी आहे हे त्याला दिसलं. ती हसत होती, काही म्हणाली नाही. तरी त्याचा आवाज खाली आला आणि मग थांबला. का थांबला हे तिनंही विचारलं नाही. तिला वाटलं असेल, बाळ झोपलं.

रेकॉर्डिंग ऐकलं त्या संध्याकाळी त्यानं भाग्यलक्ष्मीला दारातच गाठलं आणि सांगितलं, उद्यापासून तुम्ही तिच्याशी बोला, कन्नडमध्ये बोला, हवं ते बोला.  मोबाईलमध्ये काय ऐकलं ते सांगायचं त्याला धाडस झालं नाही. ती चप्पल घालता घालता कसनुसं हसली. ‘ईग एन माताड्ली, अण्णा? अभ्यास होयतु.’ आता काय बोलू, सवय गेली. आणि खरंच, नंतर दोन दिवस घरीच थांबून तो दुसऱ्या खोलीतून कानोसा घेत राहिला, तर बाई पोरीच्या केसांना तेल लावता लावता तोंड उघडायची आणि आतल्या खोलीच्या दाराकडं बघून मिटायची. वीणानं मात्र कंबर कसली. रेकॉर्डिंग तिनं पूर्ण ऐकलं नव्हतं. आपला प्रश्न आला तिथंच ती फोन बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिली होती आणि आत आली तेव्हा डोळे धुतलेले होते. थेरपिस्टनं सांगितलेलं तिनं वहीत उतरवून घेतलं. जे करताय ते बोलत करा. विचारलं की दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. ती एक शब्द बोलली तर तुम्ही त्यात एक जोडून परत द्या. चुकलं तरी चूक काढू नका. तिनं चित्रांची पुस्तकं मागवली, घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या, खुर्चीवर खुर्ची, खिडकीवर खिडकी. रात्री साडेनऊला ऑफिसचं काम बाजूला ठेवून ती लेकीला घेऊन बसायची आणि म्हणायची, ‘ही खिडकी. खिडकी उघडी आहे. खिडकीतून काय दिसतं?’ आणि ओठ हलवत दहापर्यंत मोजायची. त्या मोजण्याच्या वेळी तिचा चेहरा बघवत नसे.

दयानंदनंही प्रयत्न केला. स्वयंपाकघरात मेघाश्रीला ओट्यावर बसवून तो म्हणाला, ‘मी कांदा चिरतो आहे. हा कांदा आहे. कांदा पांढरा आहे.’ रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखं काहीतरी ओट्यावरून पुढं सरकत गेलं. मेघाश्रीनं त्याच्याकडं पाहिलं. घरात आलेल्या अनोळखी माणसाकडं मुलं पाहतात तसं पाहिलं आणि खाली उतरायला हात पुढं केले. कांद्याबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडं खूप होतं. कांदा फोडायचा असतो, बुक्कीनं, भाकरीबरोबर. फोडलेल्या कांद्याला चिरलेल्याची चव नसते. आई म्हणायची रडवत न्हाई त्यो कांदा कसला. पण यातलं एकही वाक्य ‘कांदा पांढरा आहे’च्या दारातून आत येईना. तो गप्प बसून चिरत राहिला, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं बाहीनं पुसलं.

असे तीन आठवडे गेले. एका शनिवारी वीणाला घरूनच कामाची मोठी मीटिंग होती, आणि ती म्हणाली, ‘दोन-तीन तास हिला घेऊन कुठंतरी जा ना, प्लीज.’ जायचं कुठं, तर चामराजपेटला परसूचं दुकान होतं. परसू त्याच्या शेजारच्या गावचा. जोंधळ्याचं पीठ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, कडक भाकरीचे पुडे. दयानंद सहा महिन्यांत गेला नव्हता. गाडी न घेता तो मुलीला बसमधून घेऊन गेला, खिडकीतून तिला बरंच काही दिसेल म्हणून. जाताना तो काही बोलला नाही. परसूनं त्याला लांबूनच पाहिलं. ‘आरं दया! लई दिस झालं की रं! आणि ही लेक व्हय? आई गं, थेट कृष्णामावशी! नाक बघ, नाक! काय गं बाळे, नाव काय तुझं?’ मेघाश्री बापाच्या पायामागं गेली. परसू उत्तराला थांबला नाही. त्यानं तिच्या हातात शेंगांची मूठ दिली आणि वजनकाट्यावर पीठ ओतता ओतता गावचं सगळं सांगितलं, विहिरीला पाणी लागलं, शाळेवर पत्रा पडला, आणि दयानंदच्या तोंडून, न तपासता, निघालं, ‘मग?’ परसू बोलत राहिला. निघताना दयानंदच्या लक्षात आलं की गेली वीस मिनिटं आपणही बोलतोय, आणि मेघाश्री पिठाच्या पोत्यावर बसून, शेंगा न फोडता, या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघतेय.

परतीच्या बसमध्ये त्यांना अगदी पुढची जागा मिळाली. बस दोनशे पावलं गेली असेल नसेल आणि थांबली. समोर भर रस्त्यात एक म्हैस बसली होती, ऐन मध्यावर, पाय पोटाखाली घेऊन, लग्नाच्या पंगतीला बसावं तशी ऐसपैस. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं कान हलवला. त्यानं इंजिन बंद केलं. कंडक्टर उतरला, गळ्यातली कातडी पिशवी मागं सारून तिच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, ‘नडी तायी, नडी.’ चल गं आई. बसमधले लोक हसले. दयानंदच्या मांडीवर मेघाश्री ताठ बसली. तो म्हणाला, ‘म्हैस बसली आहे.’ तेवढ्यात कंडक्टरनं चक्क हात जोडले, आणि दयानंदचं पुढचं वाक्य तपासणीला न थांबता बाहेर पडलं. ‘आयला, पाया पडालाय बघ तिच्या! बघ, बघ, शेपूट हलवालीया. ह्यो बघ नारळवाला आला. बादली आणलीया. मारलं बघ पाणी! पर म्हस उठंना!’ मेघाश्री हसली. खुदकन नाही, पोटातून. कुणीतरी मुळ्याच्या पाल्याची जुडी आणली. म्हशीनं ती शांतपणे खाल्ली आणि रवंथ करायला लागली. ‘पाला दिला, पाला खाल्ला,’ तो म्हणाला, ‘पर म्हस –’ आणि थांबला. त्यानं मोजलं नाही. श्वास घ्यायला थांबला एवढंच.

‘उठंना!’ मेघाश्री म्हणाली.

 त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं तर ते उडून जाईल अशी भीती वाटली. ‘उठंना की!’ तो काचेकडं बघतच म्हणाला. ‘म्हस उठंना!’ ती म्हणाली. आणि मग ती सुटली. पाणी मारलं, उठंना. पाला दिला, उठंना. शेजारच्या बाकावरची बाई वळून हसायला लागली. मागं गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न एकमेकांत मिसळले होते, आणि दयानंद देवाला म्हणत होता, नको उठू, आणखी थोडा वेळ नको उठू. शेवटी गल्लीतून एक म्हातारी आली, हातात काठी नाही, घाई नाही. ती म्हशीच्या कानाशी वाकली, काहीतरी पुटपुटली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. म्हैस लगेच उठली आणि तिच्यामागं निघून गेली. बसमध्ये टाळ्या पडल्या. मेघाश्री मान वळवून वळवून गल्लीकडं बघत राहिली. बस बरीच पुढं गेल्यावर तिनं त्याच्या हनुवटीला हात लावून त्याचं तोंड आपल्याकडं केलं.

‘म्हातारी काय म्हणली?’

तिनं जन्मात विचारलेला हा पहिला प्रश्न होता. दयानंदला पुढचं क्षणभर दिसेना. ‘म्हणली,’ तो म्हणाला, ‘घरला चल, भाकरी केलीया.’ ती यावर बराच वेळ विचार करत राहिली. मग स्वतःशीच, म्हातारीच्या आवाजात म्हणाली, ‘घरला चल.’ वाटभर ते दोघं बोलत होते. म्हशीला भाकरी कोण करतं, म्हस मीठ खाती का, म्हातारीला दात हायत का. मारतहळ्ळी जवळ आली तशी पाठीला लॅपटॉपच्या पिशव्या लावलेली मुलं बसमध्ये चढायला लागली, आणि आपला आवाज हळूहळू खाली येतोय हे त्याच्या लक्षात आलं ते उतरायच्या वेळी.

वीणाची मीटिंग नुकतीच संपली होती. ती लॅपटॉप मिटून कपाळ चोळत बसली होती. मेघाश्री चप्पल न काढताच धावत गेली आणि तिच्या गुडघ्यांना धडकली. ‘आई, म्हस उठंना!’

 वीणा खुर्चीवरून खाली उतरली, गुडघ्यांवर बसली. ‘काय? काय म्हणालीस, बाळा? परत म्हण.’ ‘म्हस उठंना!’  तिनं लेकीला कवटाळलं, तिच्या केसांत, मानेत तोंड खुपसलं, हसली, रडली. ‘दया, वाक्य! हिनं वाक्य केलं रे! आख्खं वाक्य!’ दारातल्या दयानंदच्या हातात पिठाची पिशवी होती आणि ती खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. इतकं सुख या घरात त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. वीणानं डोळे पुसले, मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि अतिशय प्रेमानं, आनंदाच्या भरात, हळूच म्हणाली, ‘म्हैस म्हणायचं, सोनू. म्है-स. म्हैस उठत नाहीये.’

मेघाश्री आईच्या ओठांकडं बघत राहिली. ‘उठत नाहीये’ म्हणजे नुसती बातमी आहे, दयानंदला वाटलं. ‘उठंना’मध्ये तो कंडक्टर आहे, बादली आहे, दुपार आहे, अख्ख्या बसचं हसणं आहे. मेघाश्रीनं मान वळवून बापाकडं पाहिलं. तिला काय हवं होतं ते त्याला स्वच्छ कळलं. एकच शब्द हवा होता, आणि तो त्याच्या जिभेवर तयार होता. उठंना की. वीणाही हसत, ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होती. त्यानं तो शब्द उचलला, आणि वीस वर्षांच्या सवयीनं, तोंडातून निघण्याआधी, उलटापालटा करून पाहिला.

‘म्हैस,’ तो म्हणाला. ‘म्हैस म्हण, बाळा.’

‘म्हैस,’ मेघाश्री म्हणाली. लख्ख, निर्मळ उच्चार.

वीणानं टाळ्या वाजवल्या. ‘शाब्बास! आणि मग? मग म्हशीनं काय केलं?’

‘म्हैस.’

‘हो, पण मग काय झालं, राणी?’

‘म्हैस,’ मेघाश्री पुन्हा म्हणाली, बरोबर म्हणाली, आणि चप्पल काढायला दाराशी आली. तिनं दयानंदकडं पाहिलं नाही. बंद सुटेना तशी ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी ओढत राहिली. वीणा जमिनीवर तशीच बसून होती, चेहरा अजून उजळलेला. ‘तू तरी सांग ना रे. काय झालं तिथं?’ ती खरोखर विचारत होती. तिला ऐकायचं होतं. कदाचित कितीतरी वर्षं ऐकायचं असेल. दयानंदनं तोंड उघडलं. हात जोडलेला कंडक्टर, पाण्यानं चमकणारी ती काळी पाठ, कानाशी वाकलेली म्हातारी, सगळी आली, दाटीवाटीनं उंबऱ्यापाशी उभी राहिली, आणि आत कसं यायचं ते त्यांना कळेना.

‘काही नाही,’ तो म्हणाला. ‘रस्त्यात एक म्हैस बसली होती.’